एका मिनिटाची चाचणी, वर्षभराचा पाठपुरावा

मराठवाड्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करायचं म्हटलं की सुरुवात जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासापासून करावी लागते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. गावांचे ५२ गट करून सोडतीने त्यांचे चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे मुखावरच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्यात सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायची व्हीआयए तपासणी आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. प्रयोगशाळा आणि पुढचे उपचार बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या भागात या कर्करोगाने ३४ जणी दगावल्या, नेहमीच्या सेवेच्या भागात ६४. पुढच्या टप्प्यात पोचलेले कर्करोग एचपीव्हीच्या भागात ३९ निघाले, नेहमीच्या सेवेच्या भागात ८२. दोन्ही भागांत स्त्रियांची संख्या तीस-चौतीस हजारांच्या घरात होती, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून वाचता येतात. पॅप स्मिअर आणि व्हीआयएच्या भागांत मृत्यूंमध्ये तसा ठळक फरक दिसला नाही.

हे आकडे व्याख्यानांत नेहमी येतात. त्यामागची गावपातळीवरची कामं फारशी कुणी लिहीत नाही. आम्ही ज्या तपासणी-अभ्यासांत राबतो तिथे ही कामं कशी चालतात, कुठे अडतात आणि का अडतात, तेवढं इथे मांडतो.

पहिला प्रश्न तारखेचा. बीड, धाराशिवचा काही भाग, परभणी, जालना इथल्या नवरा-बायकोच्या हजारो जोड्या दसरा-दिवाळीला उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. परत येतात त्या गुढीपाडवा ते अक्षय तृतीयेच्या सुमाराला. अश्विनात नमुना घेतला तर निकाल येईपर्यंत बाई फडात कोयता चालवत असते आणि पॉझिटिव्ह चिठ्ठी उपकेंद्राच्या कपाटात पडून राहते. म्हणून तपासणीची तारीख उपचाराच्या तारखेवरून मागे मोजायची. निकाल यायला तीन आठवडे लागत असतील आणि उपचाराला आणखी तीन, तर ऑगस्ट संपायच्या आत नमुने झालेच पाहिजेत. त्यातही जुलैत खुरपणीचा हंगाम असतो, रोज बुडवून बाई येत नाही. नागपंचमी आणि महालक्ष्म्यांचे तीन दिवस टाळायचे. सप्टेंबर अखेरीला सोयाबीन काढणी सुरू झाली की गावात माणूस सापडत नाही. पाऊस पडून वाफसा नसलेला दिवस सगळ्यात चांगला, कारण त्या दिवशी रानात जाता येत नाही. आशाताईंना हे कॅलेंडर तोंडपाठ असतं. त्यांना विचारल्याशिवाय मुंबई-पुण्याहून ठरवून आलेलं वेळापत्रक कोसळतं.

मग यादी. मतदार यादीवरून सुरुवात करतात, पण तिच्यातली वयं भरवशाची नसतात. लग्नाचं वर्ष, थोरल्या मुलाचं वय, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी म्हणजे १९९३ ला आपण केवढ्या होतो, असं विचारून वय बांधावं लागतं. दिवस गेलेल्या आणि बाळंत होऊन तीन महिने न झालेल्या बायका या फेरीत घ्यायच्या नाहीत. पाळी चालू असेल तर पाळी थांबल्यानंतरची तारीख द्यायची. आणि एक मोठा गट वगळायचा, तो म्हणजे पिशवी काढलेल्यांचा. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्याचे जे आकडे आले त्यांत पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. याचा संशोधनावर सरळ परिणाम होतो. ज्यांना गर्भाशयमुखच नाही त्यांना ‘तपासणीला न आलेल्या’ म्हणून मोजलं तर गावाची टक्केवारी खोटी दिसते. त्यातही नेमकं काय काढलं ते विचारावं लागतं. काही शस्त्रक्रियांत वरची पिशवी काढतात आणि मुख तसंच ठेवतात. त्या बाईला तपासणी लागतेच. बाईला हे सांगता येत नाही. डिस्चार्ज कार्ड असेल तर ते पाहायचं, नसेल तर स्पेक्युलम, म्हणजे आतलं मुख दिसावं म्हणून लावायचं हत्यार, लावून खात्री करायची. ‘पिशवी काढली’ एवढ्यावर नाव खोडायचं नाही.

संमतीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त घाई होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा असेल तर संपूर्ण माहिती वाचून दाखवताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. त्रयस्थ कोण? आशाताई नाही, ती पथकाचा भाग आहे. सरपंच नाही, त्याच्यासमोर नाही म्हणणं अवघड. सासू तर नाहीच. बचत गटातली शिकलेली बाई, कॉलेजला जाणारी भाची, अशी व्यक्ती चालते. माहितीपत्रक आदल्या दिवशी घरी द्यायचं, म्हणजे ज्यांना घरात विचारायचं आहे त्या विचारून येतात. टेबलासमोर उभं करून ‘इथे अंगठा करा’ म्हटल्यावर जे मिळतं त्याला संमती म्हणायला आम्ही तयार नाही.

वाचून झाल्यावर तिलाच विचारायचं: “बाई, आता तुम्ही मला सांगा, आम्ही काय करणार आहोत?” ती म्हणाली, “कॅन्सरचं औषध देणार,” तर समजलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. तिच्या तोंडून चार गोष्टी आल्या पाहिजेत: ही तपासणी आहे, उपचार नाही. काही निघालं तर पुढे काय करायचं ते सांगतील. नमुना प्रयोगशाळेत जाईल. आणि नाही म्हटलं तरी दवाखान्यातली कुठलीही सेवा बंद होणार नाही. चौथी गोष्ट बहुतेकींना खरी वाटत नाही, म्हणून ती दोनदा सांगावी लागते. संमतीपत्राची एक प्रत बाईला द्यायची. ती घरी नको असेल, आणि पुष्कळदा नको असते, तर तसं नोंदवून आशाताईकडे बंद पाकिटात ठेवायची.

एचपीव्ही लैंगिक संबंधातून पसरतो हे वाक्य सांगितलंच पाहिजे, पण कसं सांगितलं यावर घरं टिकतात किंवा मोडतात. आम्ही असं सांगतो: हा विषाणू बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो. बहुतेकांच्या अंगातून तो दीड-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात टिकतो, आणि टिकला तरच पुढे धोका. कधी लागला आणि कुणाकडून लागला हे कुठल्याही चाचणीत कळत नाही. हे शेवटचं वाक्य गाळलं की संध्याकाळी घरात भांडण पेटतं आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वस्तीतल्या बायका येत नाहीत. निकालाची चिठ्ठी उघडी, नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात कधीही द्यायची नाही.

आता खोली. उपकेंद्राची खोली सर्वात बरी. शाळेची पत्र्याची खोली उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर वापरण्यासारखी राहत नाही. खिडकीला जाड पडदा, दाराला आतून कडी, लघवीला जायची सोय. तपासणीआधी लघवी करून येणं जरुरीचं असतं आणि जिथे संडास नाही तिथे शिबिर घेऊ नये असं आमचं मत झालं आहे. वीज जाणार हे धरून चालायचं. चार्जिंगचा प्रखर पांढरा दिवा दोन नग हवेत. पिवळ्या उजेडात आम्लाने उमटलेला फिकट पांढरा डाग दिसत नाही.

तीस बायकांच्या शिबिराला चाळीस निर्जंतुक स्पेक्युलम लागतात, लहान-मध्यम-मोठी मिळून. वापरलेलं स्पेक्युलम ०.५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायचं. लिटरभर पाण्याला ब्लिचिंग पावडरचे सपाट तीन चमचे, म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम. पावडरचं पाकीट उघडं राहिलं असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. वास मंद आला तर ती टाकून द्या. दहा मिनिटांहून जास्त बुडवून ठेवलं की स्टील गंजतं. नंतर धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालायचं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने ऑटोक्लेव्हच्या कॉइलवर आणि हत्यारांच्या बिजागरीवर क्षाराचा थर बसतो. बिजागरी अडकली की स्पेक्युलम आत असताना बंद होत नाही आणि बाईला इजा होते. म्हणून ऑटोक्लेव्हमध्ये शुद्ध केलेलं पाणी घाला आणि प्रत्येक स्पेक्युलम आदल्या रात्री उघड-मीट करून पाहा.

व्हीआयएचं द्रावण त्याच दिवशी सकाळी करायचं: ९५ मिली शुद्ध पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी नाही. संध्याकाळी उरलेलं फेकून द्यायचं. किराणा दुकानातलं व्हिनेगर वापरू नये, त्याची तीव्रता बाटलीगणिक वेगळी. हिवाळ्यात एक अडचण येते जी पुस्तकांत क्वचित सापडते. ग्लेशियल आम्ल साडेसोळा अंशांच्या आसपास गोठतं. परभणीत डिसेंबरच्या रात्री पारा त्याच्या बराच खाली जातो. सकाळी बाटलीत खडा झालेला असतो. बाटली कोमट पाण्यात ठेवून सगळं वितळू द्या, हलवा आणि मगच मापा. घाईत मोजमाप चुकून द्रावण तीव्र झालं तर आतली त्वचा भाजते. बाईला झणझणीत आग झाली तर पुढच्या बाईला लावायच्या आधी द्रावण बदला.

तपासताना क्रम पाळायचा. स्पेक्युलम कोमट पाण्याने ओलं करायचं, जेली लावायची नाही. आधी एचपीव्हीचा नमुना, आम्ल नंतर. ब्रश गर्भाशयमुखाच्या छिद्रापाशी टेकवून एकाच दिशेने पाच फेऱ्या, मग नळीत. नळीवर क्रमांक नमुना घेण्याआधी लिहिलेला हवा. एका गावात लता, सुनीता आणि मंगल नावाच्या, एकाच आडनावाच्या चार-चार बायका असतात, नवऱ्याचं नावही जुळतं. नावावर विसंबलं तर निकालांची अदलाबदल ठरलेली. नळीतल्या द्रवात अल्कोहोल असेल तर तो सांडून मार्करची शाई पुसली जाते. म्हणून छापील चिकटपट्टी, आणि क्रमांक रजिस्टरमध्ये दोघींनी मोठ्याने वाचून ताडायचा.

मग शेंबडासारखा स्राव कोरड्या कापसाने अलगद टिपायचा, द्रावणात भिजवलेला कापूस मुखावर लावायचा आणि घड्याळात पूर्ण एक मिनिट थांबायचं. ज्या पेशींत केंद्रक मोठं आणि प्रथिनं जास्त असतात, त्यांतली प्रथिनं आम्लाने काही वेळ साकळतात आणि तो भाग पांढरा दिसतो, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा. याला वेळ लागतो. रांग वाढली की मिनिटाची पंचवीस सेकंदं होतात आणि डाग सुटतात. दाट, अपारदर्शक, स्पष्ट कडांचा आणि दोन प्रकारच्या त्वचा जिथे मिळतात त्या रेषेला चिकटलेला डाग म्हणजे पॉझिटिव्ह. फिकट, धुरकट, रेषेपासून दूर, ठिपके-ठिपके असलेला डाग निगेटिव्ह. जंतुसंसर्गाने लाल झालेल्या मुखावर सगळंच थोडं थोडं पांढरं दिसतं. तिथे शिकाऊ हात हमखास फसतो.

पाळी गेलेल्या बायकांत ही रेषा आत सरकते आणि डोळ्यांना दिसतच नाही. पन्नाशीच्या पुढे व्हीआयएचा ‘निगेटिव्ह’ म्हणजे पुष्कळदा ‘दिसलं नाही’ एवढंच असतं. तसं स्पष्ट लिहावं आणि तिची एचपीव्ही चाचणी करावी.

व्हीआयए तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक सिस्टरचं पॉझिटिव्हचं प्रमाण दर महिन्याला काढावं लागतं. उस्मानाबादच्या अभ्यासात व्हीआयए पॉझिटिव्ह १४ टक्क्यांच्या आसपास होत्या, एचपीव्ही १० आणि पॅप स्मिअर ७. एखाद्या सिस्टरकडे दोनच टक्के निघत असतील तर तिचं मिनिट कमी पडतं किंवा दिवा मंद आहे. तीस टक्के निघत असतील तर ती संसर्गालाही डाग म्हणते. रागावून उपयोग नसतो, तिच्या शेजारी दिवसभर बसावं लागतं. संमती घेऊन नाव-चेहरा नसलेला मोबाईल फोटो काढला तर तज्ज्ञाला नंतर पडताळता येतो.

एचपीव्हीच्या प्रयोगशाळेचं एकच सांगतो. जुन्या पद्धतीत ९६ खाचांची प्लेट भरेपर्यंत नमुने थांबतात आणि गावातली बाई वाट पाहत बसते. क्षयरोगासाठी ग्रामीण रुग्णालयांत पोचलेल्या ट्रूनॅटसारख्या यंत्रांवर एचपीव्हीची चिपही चालते. ती मोजकेच प्रकार शोधते, पण निकाल त्याच दिवशी हातात येतो. मराठवाड्यासाठी आम्ही याच दिशेला झुकतो. दूरच्या प्रयोगशाळेतला जास्त बारीक निकाल, जो बाई फडावर गेल्यानंतर येतो, त्यापेक्षा हा बरा.

पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकीला कर्करोग नसतो, कर्करोगाआधीचा बदल असण्याची शक्यता असते, हे तिला त्याच वाक्यात सांगायचं. डाग पूर्ण दिसत असेल, आतल्या नळीत शिरलेला नसेल, मुखाच्या पाऊण भागापेक्षा लहान असेल आणि कर्करोगाची शंका नसेल, तर गावातच उष्णतेने तो जाळता येतो. बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाचं टोक १०० अंशांना तापतं आणि २० ते ३० सेकंद लावायचं असतं. सगळा भाग झाकण्यासाठी पहिल्या जागेवर थोडं चढवून पुन्हा. आधी क्रायोथेरपी करायचो: तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, परत तीन मिनिटं. गॅसचं सिलिंडर जड, आणि ते अर्ध्यात संपलं की पुढच्या बायकांना तारीख द्यावी लागायची. जाळण्याच्या उपकरणाने हा प्रश्न सुटला. कडा उंचावलेली, खडबडीत, हात लावताच रक्त येणारी जागा मात्र कधीही जाळायची नाही. तुकडा काढून तपासायला पाठवायचा. वरून जाळलेला कर्करोग खाली वाढत राहतो आणि नंतर त्याचं निदानही उशिरा होतं.

उपवासाच्या दिवशी ही प्रक्रिया करू नये. चतुर्थीला, नवरात्रात बायका सकाळपासून पाण्यावर असतात आणि टेबलावरून उठताना घेरी येऊन पडतात. आधी काहीतरी खायला द्या, नंतर दहा मिनिटं पडून राहू द्या. पुढचे दोन-तीन आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, ते आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून खासगी दवाखाना गाठते आणि तिथे पिशवी काढायचा सल्ला मिळू शकतो. चार आठवडे संबंध टाळायचे. हे फक्त बाईला सांगून भागत नाही, तिची तयारी असेल तर नवऱ्याला बोलावून डॉक्टरांनी सांगावं. ताप, दुर्गंधी, पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव किंवा पोटात असह्य कळ आली तर त्याच दिवशी यायचं.

ज्यांच्यावर गावात उपचार शक्य नाही त्यांना लातूर, बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाकडे पाठवावं लागतं, आणि सगळ्यात जास्त बायका याच टप्प्यावर गळतात. एसटीचं तिकीट महिलांना अर्धं आहे, पण सोबतच्या माणसाचा रोज बुडतो. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं. आधारवर माहेरचं नाव, रेशनवर सासरचं, आणि खिडकीवरून बाई परत. म्हणून संदर्भचिठ्ठी द्यायच्या आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून नावं जुळवायची आणि जुळत नसतील तर आधी दुरुस्ती. रुग्णालयात तिला भेटणाऱ्या समाजसेवा अधीक्षकांशी आधीच बोलून ठेवायचं. नुसतं ‘लातूरला दाखवा’ म्हणून सोडलेली बाई बसस्टँडपर्यंतही जात नाही.

संपर्कासाठी तीन नंबर लिहायचे: तिचा किंवा घरातला, माहेरचा आणि ती ज्या टोळीत जाते त्या मुकादमाचा. सोबत कारखान्याचं नाव आणि निघायची तारीख. मुकादमाला फोन केला तर ‘दवाखान्याचं काम आहे, तिला परत फोन करायला सांगा’ इतकंच बोलायचं. आजाराचं नाव घ्यायचं नाही. उचल घेतलेल्या बाईला मध्येच आजारी म्हटलं गेलं तर तिच्या जोडीचं नुकसान होतं.

सोडतीबद्दल एक प्रश्न गावांतून येतो आणि तो रास्त आहे: उस्मानाबादच्या अभ्यासात चौथ्या, नेहमीच्या सेवेच्या भागातल्या बायकांना चाचणी का दिली नाही? यावर पुढे नियतकालिकांतही कडक टीका झाली. त्या काळी जिल्ह्यात कुठेच नियमित तपासणी नव्हती, हे अभ्यासकांचं उत्तर होतं. आमच्या मते आता ते उत्तर देता येणार नाही. एचपीव्ही चाचणीने जीव वाचतात हे याच मातीत सिद्ध झाल्यावर कुठल्याही गटाला काहीच न देण्याची रचना नीतिसमितीने परत पाठवली पाहिजे. तुलना करायचीच तर दोन चाचण्यांची करा, नमुना कुणी घ्यावा याची करा, निकाल त्याच दिवशी देण्याची आणि महिन्याने देण्याची करा.

उपचारानंतर बारा महिन्यांनी पुन्हा एचपीव्ही. रजिस्टरमधली ओळ तेव्हाच बंद होते, किंवा बाईने स्वतः, समजून, नको म्हटल्यावर. ‘घरी नव्हती’ हे कारण लिहून आम्ही ओळ बंद करत नाही. त्यापुढे परत येण्याचा महिना लिहितो, चैत्र किंवा वैशाख, आणि त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आशाताई तिच्या दारात जाते.